सोमवारची पहाट

मला तारखेवरून वार काढता येतो, हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणसं हुरळतात आणि लगेच आपापल्या लग्नाच्या, पोराबाळांच्या जन्माच्या तारखा पुढे करतात. मी मनातल्या मनात आकडे जुळवून वार सांगितला की ‘अय्या, बरोब्बर!’ म्हणून टाळ्या पिटतात. मला त्या टाळ्यांचा संताप येतो. का येतो ते आज एकदा सगळं लिहूनच टाकते.

विद्या आमच्या बाबांची. बाबा रत्नागिरीत हायस्कूलला गणित शिकवायचे. रिटायर झाले तसे संध्याकाळी अडकित्ता आणि सुपारी घेऊन पडवीतल्या बाकावर बसायला लागले, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण फाटकातूनच त्यांच्याकडे तारीख भिरकावायला लागला. “मास्तर, चौदा नोव्हेंबर त्रेसष्ट?” “गुरुवार.” सुपारी कातरायची थांबायची नाही की मान वर व्हायची नाही. विचारणारा घरी जाऊन जुनी डायरी उघडायचा आणि दुसऱ्या दिवशी येऊन हात जोडायचा. “मास्तर, तुम्हाला काही बघावं लागत नाही?” यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं. “बघावं कशाला लागतंय? वार काय पळून जातोय?”

रीत त्यांनी मला मी पाचवीत असताना शिकवली. बारा महिन्यांचे बारा आकडे पाढ्यासारखे घोकायचे. एक-चार-चार, शून्य-दोन-पाच, शून्य-तीन-सहा, एक-चार-सहा. मग सालाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यात त्यांचाच पाव हिस्सा मिळवायचा, अपूर्णांक टाकून द्यायचा. त्यात महिन्याचा आकडा, त्यात तारीख. बेरजेला साताने भागायचं. बाकी एक उरली तर रविवार, दोन उरली तर सोमवार, असं करत करत शून्य उरलं तर शनिवार. लीप वर्ष असेल तर जानेवारी-फेब्रुवारीला एक कमी धरायचा. झालं! पण बाबा करायचे तेव्हा मला ती जादूच वाटायची, आणि आपले बाबा कधी चुकत नाहीत याचा मला कोण अभिमान होता. तो अभिमान आठवला की आता माझीच मला कीव येते.

आता माझ्या पत्रिकेचं सांगते. ती केली आमच्या काकांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने. काका तलाठी होते, आणि ज्योतिष हा त्यांचा नाद. आळीतल्या निम्म्या पोरांच्या पत्रिका त्यांच्या हातच्या. अक्षर मोत्यासारखं, कागदाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू. माझ्या पत्रिकेत त्यांनी लिहिलं होतं, ३१ जानेवारी १९७२, सोमवार, पहाटे साडेतीन, आश्लेषा नक्षत्र.

त्या आश्लेषाने माझी वाट लावली. आश्लेषा नक्षत्रावर जन्मलेली सून सासूच्या जिवावर उठते, असं मानतात आमच्याकडे. मुलगा बघायला यायचा, पोहे खायचा, गाणं येतं का विचारायचा, पुढच्या आठवड्यात पत्रिका परत यायची. सोबत पोस्टकार्ड, ‘योग नाही’. मुलांच्या आयांना जीव प्यारा, त्यांना तरी काय बोलायचं? शेवटी काकांनीच तोडगा काढला, सासू नसलेलं घर बघा. मग माझी आई, बिचारी देवभोळी बाई, आई नसलेले मुलगे शोधायला लागली. कुणाची आई आजारी आहे असं कानावर आलं की आमच्या घरात सगळे एकमेकांकडे बघायचे. शी! मला स्वतःची आणि सगळ्या घराची किळस यायची. आंजर्ल्याचं एक स्थळ आलं, मुलाची आई नव्हती हे खरं, पण मुलगा बेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या दाढीचे खुंट पिकलेले होते. “पण सासू नाही गो,” आई म्हणाली. मी दार आपटून न्हाणीघरात जाऊन रडले.

अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तोवर चौदा पत्रिका परत आल्या होत्या. मी सव्वीस वर्षांची होते आणि एका वकिलांकडे टायपिस्टचं काम करत होते. नोटिशीची मुदत रविवारी संपते काय, अमक्या तारखेला कोर्ट चालू असेल काय, हे वकीलसाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे न बघता मलाच विचारायचे. त्या जानेवारीत लांज्याचा एक अशील यायला लागला. तिशीचा असेल. लांज्याला त्याचा काजूगर काढायचा लहानसा कारखाना होता आणि कारखान्याकडे जाणाऱ्या वाटेवरून शेजाऱ्याशी भांडण चाललं होतं. पहिल्याच दिवशी वकीलसाहेब म्हणाले, “पुढची तारीख सतरा फेब्रुवारी.” माझ्या तोंडून निघून गेलं, “मंगळवार.” त्याने चमकून माझ्याकडे बघितलं. “बाई, तुमच्या टाइपरायटरमध्येच कॅलेंडर बसवलंय काय?”

पुढच्या खेपेला तो एसटीच्या तिकिटामागे दोन तारखा लिहून घेऊन आला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी दोन. काम पाच मिनिटांचं असायचं, तो तासभर आधी यायचा. मी वार सांगितला की टाळ्या नाही पिटायचा. “कसं काढलंत ते सांगा,” म्हणायचा, आणि स्वतः बोटांवर मोजून बघायचा, चुकायचा, आणि चुकला की मोकळेपणाने हसायचा. मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ? मला तो फार आवडला. एक दिवस त्याने छत्रीच्या मुठीकडे बघत विचारलं, “तुमच्या घरी येऊन विचारलं तर चालेल?” मी म्हटलं, “विचारा.”

रीतीप्रमाणे पत्रिका लांज्याला गेली आणि रीतीप्रमाणे परत आली. या वेळी पोस्टकार्ड नव्हतं, तो स्वतः आला. ऑफिसच्या पायरीवर उभं राहून म्हणाला, “वडील गेले तेव्हापासून आईला मी एकटाच. ती म्हणते आश्लेषा नकोच. राजापूरचं एक स्थळ आलंय, पाडव्याला तिथे होकार कळवायचा म्हणते.”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हणणार? तिला कसं दुखवू?”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण नक्षत्र माझं होतं आणि त्यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. पाडव्याला तेव्हा तीन आठवडे होते.

त्याच आठवड्यात वकीलसाहेबांनी एका सरकारी नोकरीच्या जागेचा फॉर्म आणून दिला. शाळेच्या दाखल्याबरोबर नगरपालिकेचा जन्मदाखलाही जोड म्हणाले. तो काढायला मी गेले. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनाने जाडजूड रजिस्टर काढलं, पान लावलं आणि माझ्याकडे फिरवून म्हणाला, “बघा, हेच ना?” नाव बाबांचं, नाव आईचं, मुलगी. तारीख १ फेब्रुवारी १९७२.

“तारीख चुकलीय,” मी म्हटलं. “एकतीस जानेवारी पाहिजे.”

“अहो बाई, खाली सही कुणाची आहे बघा.”

सही बाबांची होती. खाली तिरकी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं, माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर असायची तशीच. नोंदही मी जन्मल्यावर आठवड्याच्या आत झालेली.

गोखले नाक्यावरून घरी चालत येताना डोकं आपोआप चालायला लागलं. बहात्तर, त्याचा पाव हिस्सा अठरा, झाले नव्वद. फेब्रुवारीचे चार, पण लीप वर्ष, म्हणून तीन. त्र्याण्णव. तारीख एक. चौऱ्याण्णव. त्यातून एक्याण्णव गेले, बाकी तीन. मंगळवार. पण माझा जन्म तर सोमवारचा! आई लहानपणापासून सांगत आलेली, तू सोमवारची, महादेवाची. माझ्यासाठी सोमवार करायची ती. म्हणजे कुणीतरी चुकत होतं.

आई मागच्या दारी बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, “आई, मी झाले त्या दिवसाचं पहिल्यापासून सांग.”

“काय सांगायचं गो त्यात? सोमवार होता. सकाळी मी महादेवाला जाऊन आले. दुपारी सगळ्यांची जेवणं माझ्याच हातची. दिवेलागणीला कळा सुरू झाल्या, मग दवाखान्यात नेलं. आणि पहाटे साडेतीनला तू झालीस.”

“म्हणजे सोमवारची रात्र उलटून गेल्यावर?”

“हो.”

“मग मंगळवार नाही का लागला?”

आईने हातातला वाल तसाच धरून माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघितलं. “मंगळवार कसला मेला? उजाडलं कुठे होतं? उजाडल्याशिवाय वार बदलतो काय?”

खरंच की! आमच्या घरात वार सूर्याबरोबर उगवतो. रात्री बाराला घड्याळाने तारीख बदलली तरी आईच्या लेखी, आजीच्या लेखी, पंचांगाच्या लेखीसुद्धा, सूर्य उगवेपर्यंत सोमवारच चालू. आजीने काकांना निरोप दिला होता, सोमवारी पहाटे साडेतीनला मुलगी झाली. आजीचं काही चुकलं नव्हतं. काकांनी काय केलं, तर भिंतीवरचं इंग्रजी कॅलेंडर बघितलं, सोमवारखाली एकतीस तारीख दिसली, आणि एकतीस तारखेचे पहाटेचे साडेतीन धरून पत्रिका मांडली. त्या साडेतीनला आई घरात ढाराढूर झोपलेली होती. जन्माला यायला मला अजून अख्खा एक दिवस होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन शके अठराशे त्र्याण्णवचं पंचांग काढायला लावलं. सोमवारी संध्याकाळीच आश्लेषा संपून मघा लागलं होतं. पहाटेपर्यंत तर आश्लेषाचा मागमूसही नव्हता. मी मघा नक्षत्राची होते! कुणाच्या सासूच्या केसालाही माझ्यामुळे धक्का लागणार नव्हता. वाचनालयातून निघाले ती जवळजवळ धावतच, आणि आनंदाने, हे मुद्दाम सांगते. राग नंतरचा.

रविवारी सकाळी मी दाखला आणि पंचांगातली टिपणं घेतली आणि बाबांना म्हटलं, “चला, काकांकडे जाऊ.” बाबांनी कारण ऐकलं, आणि शर्टाची बटणं लावायला फार वेळ लावला. मला वाटलं, धक्का बसलाय.

काका पलीकडच्या आळीत राहायचे. मी सगळं नीट सांगितलं, आवाज न चढवता. काकांनी दाखला लांब धरून वाचला आणि परत दिला.

“कारकुनाने भरली असेल दुसऱ्या दिवशीची तारीख. त्यांचं काय जातंय? आईने मला स्वतः सांगितलं, सोमवार. माझी आई खोटं बोलली म्हणतेस?”

“आजी खरंच बोलली, काका. सोमवारच होता. पण सोमवार सुरू होतानाची पहाट नाही, संपतानाची.”

“मला पहाट शिकवतेस? चाळीस वर्षं पत्रिका मांडतोय मी.”

“रजिस्टरात बाबांची सही आहे.”

काका बाबांकडे वळले. “काय रे? तू केलीस सही?”

“केली असेन,” बाबा म्हणाले.

मला अजूनही काही कळलं नव्हतं. मला वाटलं, आता बाबा एक शब्द बोलतील आणि सगळं मिटेल. वार म्हणजे बाबा. बाबांपुढे काकासुद्धा काय बोलणार? मी म्हटलं, “बाबा, एक फेब्रुवारी बहात्तरला कुठला वार होता ते तुम्हीच सांगा.”

बाबा जमिनीकडे बघत होते. पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ घासत होते. शेजारून जाणाऱ्या कुणालाही, कुठल्याही सालाचा वार फेकून देणारा हा माणूस. मी पुन्हा विचारलं, “बाबा?”

“बघावं लागेल,” बाबा म्हणाले.

काका खुर्चीत मागे टेकले. विषय संपला. काकूंनी आणलेला चहा आम्ही प्यायलो आणि निघालो.

रस्त्यात मी त्यांच्यापुढे उभी राहिले. “तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“कधीपासून?”

“पत्रिका हातात आली त्याच दिवसापासून.” बाबा इकडेतिकडे बघत हळू आवाजात बोलत होते, लोक ऐकतील म्हणून. “दादाने बारशाला सगळ्यांसमोर वाचून दाखवली गो. तेव्हा कसं बोलणार? मग राहूनच गेलं. शाळेत नाव घालायला तोच आला होता, तारीख त्यानेच सांगितली.”

“आणि पहिलं स्थळ मोडलं तेव्हा? पाचवं मोडलं तेव्हा? आई दुसऱ्यांच्या आया मरायची वाट बघत होती तेव्हा?”

“दादाने माझ्यासाठी कॉलेज सोडून नोकरी धरली. मी शिकलो तो त्याच्यामुळे. त्याला चारचौघांत खोटं कसं पाडू?”

“मग धुवा ना त्यांचे पाय, रोज धुवा! पण माझ्या जन्माची तारीख कशाला वाहिलीत त्यांच्या पायांवर?”

मी भर रस्त्यात ओरडले तेव्हा. माणसं थांबून बघत होती, बघोत. काकांचं मी समजू शकते. ते चुकले, आणि चूक कबूल करायचा त्यांना कमीपणा वाटला, अशी माणसं असतात. पण ज्याला बरोबर उत्तर येतं आणि जो ते गिळून बसतो, आणि तेही स्वतःच्या मुलीचं, त्याला काय म्हणायचं? गणिताच्या मास्तरला?

सोमवारी सकाळची एसटी पकडून मी एकटीच लांज्याला गेले. त्याच्या आईने दार उघडलं. मला वाटलं होतं हाकलेल, पण बाई सभ्य होत्या. बस म्हणाल्या, कोकमाचं सरबत दिलं. तो कारखान्यातून हात पुसत आला आणि दाराशीच उभा राहिला. मी सगळं मांडलं. बाईंना पंचांग वाचता येत होतं, त्यांनी स्वतःचं चष्म्याचं घर उघडून टिपणं दोनदा वाचली.

“गणित पटतंय मला,” त्या म्हणाल्या. “मघा असेल तर माझी ना नाही. पोरगी म्हणून तू मला आवडलीसच. पण उद्या तुझे काका चारचौघांत म्हणाले, पत्रिका बदलून मुलगी आमच्या गळ्यात मारली, तर? तुझे बाबा का नाही आले बरोबर?”

मी दाखला पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

“त्यांना सांग, फक्त एक ओळ लिहून द्या. जन्म कधीचा ते, खाली सही. मला तेवढं पुरे. पाडव्यापर्यंत मी कुणाला काही कळवत नाही.”

एक ओळ! मी परतीच्या एसटीत सगळा वेळ हसत होते. पाली गेली, हातखंबा गेला, मला कळलं नाही. एक ओळ तर कुणीही लिहील.

घरी आल्यावर मी बाबांपुढे कोरा कागद ठेवला, पेन ठेवलं. काय लिहायचं ते सांगितलं. काकांचं नाव नको, पत्रिकेचा उल्लेख नको, नुसती तारीख आणि वेळ. “बघू,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “दोन दिवस जाऊ देत.” मग म्हणाले, “दादाच्या कानावर गेलं तर त्याला काय वाटेल?” कागद सुपारीच्या डब्याखाली ठेवलेला होता, रोज संध्याकाळी मी डबा उचलून बघायची. पाडव्याच्या आदल्या दिवशी आई, जी जन्मात कधी त्यांच्यापुढे बोलली नाही, ती चुलीपुढून उठून आली आणि म्हणाली, “अहो, लिहा हो! पोरीचं कल्याण होईल.” बाबांनी चपला घातल्या आणि मांडवीला फिरायला गेले.

पाडव्याला सकाळी त्यांनी गुढी उभारली, कडुनिंबाचा डहाळा बांधला, आमच्या हातावर प्रसाद ठेवला. मी तो तुळशीत टाकला. डब्याखालचा कागद कोराच होता. लांज्याहून राजापूरला होकार गेला.

मे महिन्यात वकीलसाहेबांकडे त्याच्या लग्नाची पत्रिका आली. मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर तारखेवरून वार काढला. छापताना चुकला असावा अशी फार इच्छा होती माझी. वार बरोबर होता. त्याच्यावरही मी चिडलेय, अजून चिडलेय. आईला दुखवत नाही म्हणे! कुणाला तरी दुखवलंसच ना, मेल्या? फक्त सोयीचं माणूस निवडलंस.

सरकारी जागेचा फॉर्म मी भरलाच नाही. दोन दाखल्यांवर दोन जन्मतारखा, कुठल्या तोंडाने भरणार? पुढे दोन-तीन स्थळं आली, त्यांना मी पत्रिका देणार नाही म्हणून सांगितलं, तीही फिरकली नाहीत. दोन हजार साल लागलं तेव्हा आमच्या पडवीत गर्दी झाली, आता वार कसा काढायचा म्हणून. बाबा खुशीत होते. आतल्या खोलीत मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “आता नव्या सालांना शेवटी एक वजा करायचा गो, विसरू नकोस.” दोन वर्षांत आम्ही तारीख-वारावर एक अक्षर बोललो नव्हतो. मी आतूनच म्हटलं, “माझं झालंय वजा करून.”

दोन हजार चार साली काका गेले. चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण होतं, सगळं गोत जमलेलं. मी वाढायला होते. बाबा पंगतीत मधोमध बसलेले, सत्तरीला आलेले, पण तोंडावर तेज. पंगतीत एका चुलतभावाची नवी बायको होती, तिला कुणीतरी बाबांची करामत सांगितली. तिने हौसेने आपल्या जन्माची तारीख टाकली. बाबांनी वार सांगितला. तिने नवऱ्याची टाकली. सांगितला. पंगत खूश. ‘अय्या, बरोब्बर!’ मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, “आणि ताईंचा कधीचा हो?”

मी भाताची परात घेऊन बाबांच्या पानापुढेच उभी होते.

“एक फेब्रुवारी बहात्तर,” बाबा म्हणाले. खणखणीत आवाजात, वर न बघता, पानावरची कोशिंबीर कालवत. “मंगळवार. पहाटे साडेतीन. मघा नक्षत्र.”

कुणी दचकलं नाही. दचकणारा भिंतीवर हार घालून टांगलेला होता. मी बत्तीस वर्षांची होते.

“आता नाही बघावं लागलं, बाबा?” मी विचारलं.

त्यांचा हात पानावर थांबला. सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी मान वर केली नाही. मी त्यांच्या पानावर भात वाढला, आणि पुढच्या पानाकडे गेले.